वापरलं की सैल होतं

मला किळस सहजासहजी येत नाही. येऊन चालतच नाही. मी लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहते. लोक आणून टाकतात ते हातात घ्यायचं, उलगडायचं, डाग बघायचा, आणि तोंड वाकडं न करता विचारायचं, की हे काय सांडलंय. लोक बेधडक खोटं बोलतात. चहा म्हणतात. चहाचा डाग मला कळतो, आणि बाकीचेही कळतात. एवढं करून मी दुपारी हात धुऊन तिथेच डबा उघडते आणि मला जेवण जातं. तेव्हा माझ्या भाऊजींची मला जी किळस आली, ती काही नाजूक बाईची नाकं मुरडणं नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस फार चांगला, असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण, तर ज्यांना त्याच्याबरोबर एका घरात राहावं लागत नाही ते. दुरून डोंगर साजरे. मी राहते. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि आडवं होऊन आत शिरावं लागतं असं न्हाणीघर. खोलीत ताई, भाऊजी आणि त्यांची पोरगी. स्वयंपाकघरात ओट्याखाली गादी टाकून मी. मधे एक दार. त्या दाराचीच ही सगळी गोष्ट आहे.

भाऊजी बुटांच्या दुकानात विकायला असतात. दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसायचं, मोजा नीट करायचा, टाचेमागे तो पत्र्याचा चमचा घालून पाय आत ढकलायचा, मग अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायचं. आणि बूट कसाही बसला तरी एकच वाक्य बोलायचं, "थोडा घट्ट वाटेल, पण वापरला की सैल होतो." मोठा नंबर दुकानात नसेल तर हे वाक्य दोनदा. दुकानात जो नंबर शिल्लक असेल तो तुमच्या पायाचा नंबर. मग म्हणायचं, "चालून बघा ना!" खाली मऊ गालिचा अंथरलेला. गालिच्यावर दोन पावलं चालायला कुठला बूट चावतो हो? गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि फोड येतात ते घरी.

दुकानात बोलायचं ते दुकानात सोडून यावं की नाही? पण नाही! ताईच्या कारखान्यात मुकादम त्रास देतो म्हणून ती रडत आली, तर म्हणाले, "होईल गं सैल." मी राहायला आले तेव्हा स्वयंपाकघर बघून माझा चेहरा पडला, तर म्हणाले, "मेहुणीबाई, राहायला लागलात की जागा सैल होते." मी तेव्हा हसले होते. बोलणं गोड आहे, एवढं मात्र त्यांचं मान्य केलंच पाहिजे.

आता पोरगी. तिला आम्ही खारू म्हणतो. खारीसारखी चढते म्हणून. दारात दोन्हीकडे पाय रोवून चौकटीच्या वर जाऊन बसायची आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर टपली मारायची. फळीवरचा डबा हवा असला की स्टूल शोधायचं नाही, खारूला हाक मारायची. बारा वर्षांची झाली तरी तेच. शाळेने एकदा पोरांना भिंत चढायच्या त्या हॉलमध्ये नेलं, उंच भिंत आणि तिच्यावर रंगीबेरंगी गोटे ठोकलेले, आणि आमची खारू दोर बांधेपर्यंतसुद्धा थांबेना. तिथल्या कोचबाईंनी घरी निरोप धाडला, हिला पाठवा, हिच्यात काहीतरी आहे.

पहिल्या दिवशी भाऊजी तिच्याबरोबर गेले, मीही गेले. खारू वर गेली. खाली भाऊजी मान मागे टाकून उभे. तोंड उघडं. जन्मभर या माणसाने बघितलं ते खाली, लोकांच्या टाचा, भेगा, घामेजलेले मोजे. वर बघायची वेळच आली नव्हती. खारूने सगळ्यात वरच्या गोट्याला हात लावला आणि खाली बघून हसली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच खोटं कशाला बोलू. भाऊजी तिथेच थांबले असते तर मी आज त्यांचं गुणगान गात बसले असते.

पण अति तिथं माती. त्या दिवसापासून पोरीचं नाव खारू राहिलं नाही, "चँपियन" झालं. चँपियन, दूध प्यालीस का? चँपियन, बोटं दाखव. आणि एका रविवारी भाऊजी ती फळी घेऊन आले.

फळी म्हणजे जाडजूड लाकूड, हातभराहून लांब, आणि त्यात खोबणी कोरलेल्या. काही रुंद, चार बोटं आरामात बसतील अशा. काही इतक्या अरुंद की बोटाचं फक्त टोक टेकेल. ही दारावर ठोकायची आणि तिला बोटांनी लटकायचं. त्याने म्हणे बोटांत ताकद येते.

"कुठल्या दारावर?" मी विचारलं.

"अगं, दारं आहेतच किती आपल्याकडे!" भाऊजी म्हणाले. म्हणजे माझ्या.

दुकानाच्या पाट्या लावणाऱ्याकडून ड्रिल मशीन मागून आणली होती. स्टुलावर स्टूल ठेवलं. ताई खाली स्टूल धरून उभी, "अहो जपून, अहो जपून" असा जप चालू. पहिलं भोक पाडलं तर भिंतीतून नुसती वाळू गळायला लागली. माझ्या ओट्यावर दूध उघडं होतं, ते गेलं. स्क्रू घट्ट बसावा म्हणून प्लॅस्टिकची गिट्टी घातली, तर ती भोकात आपली गरगर फिरते. स्क्रू घातला, तर स्क्रूसकट गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा खाली आला. भाऊजी म्हणाले, भिंत बेकार आहे. नाचता येईना अंगण वाकडं! दुसरं भोक, तिसरं भोक. दाराच्या वर चाळण झाली. माझ्या केसांत, पिठाच्या डब्यात, अंथरुणात, सगळीकडे सिमेंट. दाताखाली कचकच.

शेवटी पाट्यावाला स्वतःच आला, बघून हसला, आणि म्हणाला, वर बीम आहे त्याला धरा. मग बीमला लोखंडी बोल्ट मारून एक मोठं प्लायवूड बसवलं आणि त्यावर ती फळी. एवढ्यावर भागलं असतं. पण पाट्यावाला गेल्यावर भाऊजींच्या डोक्यात आलं, की बोल्ट ढिले झाले तर? आणि हा माणूस पडला बुटाच्या दुकानातला. त्यांनी तळवे चिकटवायचं सोल्युशन डब्याने आणलं आणि प्रत्येक बोल्टच्या टोकावर, फटीत, प्लायच्या मागे, जिथे जाईल तिथे ओतलं. घरात तो वास इतका की डोळे चुरचुरायचे. वर फुशारकी, "आता इमारत पडेल, पण फळी पडायची नाही!"

आणि प्लाय इतकं खाली आलं, की माझ्या दाराची वरची कडीच लागेना. खालची मुळात तुटलेली. म्हणजे आता दार नुसतं लोटायचं. मी म्हणाले, "भाऊजी, मी कपडे कुठे बदलायचे?" तर म्हणाले, "सवय होते." यावेळी 'सैल' नाही म्हणाले, हेच नशीब.

पुढची गंमत ऐका. पोरगी हात सुटून खाली पडली तर लागू नये म्हणून खाली काहीतरी मऊ हवं. घरात जाड गादी एकच. कुणाची? माझी! दिवसभर माझ्या गादीवर उड्या, आणि मग तीच झटकून मी तिच्यावर झोपायचं. झटकून काय होतंय? ती पांढरी पूड असते ना, हात घामाने घसरू नयेत म्हणून लावतात ती, तिचा घरभर थर. चहावर पांढरी साय दिसली म्हणून मी खूश झाले, तर ती पूड! न्हाणीत साबणाच्या वडीवर बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्टीचे काळे पडलेले तुकडे. खिडकीत तिचे चढायचे बूट वाळत. ते बूट भाऊजींनीच निवडलेले, तिच्या पायापेक्षा दोन नंबर लहान, आणि वास असा की कबुतरंसुद्धा खिडकीत बसायची बंद झाली.

हेही चाललं असतं. घाण मला नवी नाही. पण एका संध्याकाळी मी घरी आले, तर बापलेक जेवायच्या टेबलाशी बसलेले. खारूचा हात भाऊजींच्या हातात, आणि भाऊजी तिची बोटं कानशीने घासतायत. तीच कानस, दुकानात तळव्याच्या कडा घासायची. कातडीचे कडक झालेले कोपरे चढताना अडकून फाटतात म्हणून घासून सपाट करायचे असतात, असं त्यांनी कुठे तरी बघितलेलं. टेबलावर कातडीचा भुगा. पांढरा, खवल्यांसारखा. तिथेच आम्ही जेवतो. आणि घासून झाल्यावर त्यांनी डबी उघडली आणि बोटांना मेण चोळायला लागले. मला वास ओळखीचा वाटला. डबी उचलून बघितली, तर चामड्याला लावायचं मेण! बूट मऊ राहावेत म्हणून लावतात ते!

"शी!" मी म्हणाले. "भाऊजी, पोरीच्या अंगाला?"

"कातडंच आहे ना?" ते म्हणाले. "बुटाचं काय आणि माणसाचं काय! घासायचं, मेण लावायचं, वापरायचं. छान तयार होतं."

मी त्या टेबलावर जेवले नाही. ओट्याशी उभी राहून जेवले. ताई म्हणाली, "तुझं नाक जरा जास्तच लांब आहे. किती हौसेने करतायत पोरीसाठी!" माझ्या ताईचा स्वभाव असा, की कुणी पायावर पाय दिला तर हीच माफी मागते. तिच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि लटकणं. रोज शाळेतून आली की फळी. दप्तर टाकलं, पूड लावली, फळी. आधी रुंद खोबण, मग अरुंद. भाऊजी दुकानातून दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायचे, केवळ यासाठी. खाली उभे राहून, मान वर करून, "सोडू नकोस! सोडू नकोस, चँपियन! दुखतंय म्हणजे तयार होतंय!" खारू वर लटकलेली, चेहरा लालबुंद, पाय थरथरतायत. पहिल्या महिन्यात ती हात सुटून खाली आली की खिदळायची. नंतर खिदळणं बंद झालं. नुसती माझ्या गादीवर बसून राहायची, दोन्ही मुठी काखेत घालून. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आता ती चौकटीवर चढून टपल्या मारत नव्हती. डब्यासाठी हाक मारली तर स्टूल आणून द्यायची.

मला कळलं ते शर्टावरून. घरातले कपडे मीच धुते, दुसऱ्या कुणाचं धुतलेलं मला पटत नाही. खारूच्या शाळेच्या शर्टाला सहा बटणं. मी शर्ट उचलला तर सगळी बटणं लावलेलीच. दुसऱ्या दिवशीचा शर्ट, तोही बटणं लावलेला. म्हणजे पोरगी शर्ट डोक्यावरून ओढून काढते, आणि डोक्यावरूनच घालते. इतके कपडे बघितलेत मी. दोन प्रकारची माणसं बटणं न काढता कपडे काढतात. एक दारुडे, आणि दुसरी ज्यांना बोटं वापरता येत नाहीत ती. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"खारू, हात दाखव."

"काही नाही गं मावशी."

"दाखव म्हणते ना!"

उजव्या हाताचं मधलं बोट. मधला सांधा सुजून आजूबाजूच्या बोटांना टेकलेला. बोट सरळच होईना. मी नुसतं बोट टेकवलं तर पोरीने श्वास आत ओढला, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी हसायला लागली. मला म्हणते कशी, "अगं, नवीन आहे ना ते अजून. थोडं घट्ट वाटतं. वापरलं की सैल होतं."

बापाचाच सूर. बापाचीच मान तिरकी करायची लकब. बारा वर्षांची पोरगी स्वतःच्या बोटाबद्दल, बूट असल्यासारखी बोलते! मला शिसारी आली. कानस, मेण, कातडीचा भुगा, ते सगळं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे.

मी लाँड्रीला दांडी मारली आणि तिला घेऊन तडक हॉलमध्ये गेले. कोचबाई म्हणजे उंच, केस कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बोट बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "घरी फळी लावलीय का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, लावलीय म्हणजे काय, इमारत पडेल पण ती पडायची नाही. त्या खारूला म्हणाल्या, जा, पाणी पिऊन ये. ती गेल्यावर म्हणाल्या, "मी हिच्या बाबांना स्पष्ट सांगितलं होतं. इथेच उभं करून सांगितलं होतं. या वयात हाडं वाढत असतात. भिंत चढू दे हवी तितकी, पण बोटांवर लटकवायचं नाही. फळी आणूच नका म्हटलं होतं."

"मग ते काय म्हणाले?"

"हो हो म्हणाले. हसले."

म्हणजे माहीत होतं! माहीत असून दारावर भोकं पाडली, माहीत असून खाली उभं राहून सोडू नकोस म्हणून ओरडले. ताकाला जाऊन भांडं लपवतात लोक, यांनी तर आख्खं ताकच लपवलं. घरात एका शब्दाने बोलले नाहीत, ताईला नाही, मला नाही.

डॉक्टरांकडे फोटो काढला. हाडाच्या टोकाला जी वाढायची जागा असते, तिलाच चीर गेली होती. डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधून ते ताठ केलं आणि म्हणाले, या हाताने दप्तरसुद्धा उचलायचं नाही. बोट पुन्हा सरळ होईल का, पुरतं वाढेल का, ते आत्ता सांगता येत नाही. पुन्हा चढू शकेल का, असं खारूने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी बटण लावायला शिकू, मग बघू." पोरगी रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं होतं की सुटले म्हणून तिला बरं वाटेल. कुठलं! घराजवळ आल्यावर हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील मी सोडलं."

मी तिला घरी सोडलं आणि दुकानात गेले. भाऊजी एका म्हातारबाईंच्या पायाशी बसलेले. बाईंच्या अंगठ्याशेजारचं हाड चांगलं वर आलेलं आणि भाऊजी त्यावरून बूट चढवतायत. "थोडा घट्ट वाटेल आजी, पण..."

"पण सैल होतो!" मी दारातूनच ओरडले. "आजी, घेऊ नका! याच्या बापाच्याने सैल होत नाही!"

दुकानातले सगळे वळून बघायला लागले. मालक गल्ल्यावरून उठला. भाऊजी गुडघ्यावरच, हातात तो पत्र्याचा चमचा. "अगं, काय झालं? घरी बोलू ना आपण," म्हणाले, वर तेच हसू. त्या हसण्याने माझा तोल गेला. मी सगळं तिथेच सांगितलं. बोट, चीर, कोचबाई, हो हो म्हणाले ते, सगळं. म्हणाले, "भाऊजी, लोकांना 'चालून बघा' म्हणता ना? पोरीला कधी विचारलंत, की लटकून बघितलंस का, कसं वाटतंय?" चारचौघांत तमाशा केला म्हणून ताई अजून माझ्यावर रुसलेली आहे. असू दे. म्हातारबाईंनी मात्र बूट काढला, आपल्या जुन्या चपला घातल्या आणि चालू लागल्या.

भाऊजी लगेच माझ्या मागोमाग घरी आले. खारू पलंगावर पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून बसली होती. त्यांना बघताच म्हणाली, "बाबा, मी सोडलं नव्हतं. खरंच." मला वाटलं, आता तरी हा माणूस पोरीला जवळ घेईल. पण नाही, ते तिच्याकडे बघेनात. पान्हा घेऊन सरळ स्टुलावर चढले. फळी काढायची, आत्ताच्या आत्ता.

आता ती निघणार कशी? बोल्टच्या टोकांवर सोल्युशन घट्ट बसलेलं. पान्हा लावला की घसरायचा. हातोडी मारली, तर गिलावा पडला, फळी जागची हलली नाही. पटाशी घातली, ती वाकली. ताई खालून पुन्हा "अहो जपून" करायला लागली. शेवटी त्यांनी पान्हा फेकला, पूड न लावता, बूट न काढता, दोन्ही हातांनी ती फळी धरली आणि पायाखालचं स्टूल ढकलून दिलं. आपल्या वजनाने उपटून काढायची.

जी खोबण हाताशी आली ती नेमकी सगळ्यात अरुंद. खारूची.

पोट सुटलेला माणूस तो, गालिच्यावर दोन पावलं चालणारा. एक आवंढा गिळेपर्यंतही टिकले नाहीत. तोंडातून "आई गं" एवढंच निघालं आणि धप्पकन माझ्या गादीवर आले. पांढरी पूड उडाली. फळी जिथल्या तिथे. भाऊजी गादीवर बसून आपली बोटं बघत होते. बोटांच्या टोकांना पांढऱ्या खाचा पडल्या होत्या आणि त्यात हळूहळू लाल उतरत होतं. बोटं त्यांना मिटता येईनात.

इतके महिने ती फळी दारावर होती. रोज खाली उभं राहून ओरडत होते. आणि त्या माणसाने तिला स्वतः एकदाही हात लावला नव्हता! मला तेव्हा ते कळलं. त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. जन्मात एकदा बूट स्वतःच्या पायात घातला आणि तेव्हा समजलं की चावतो.

"दुखतं गं," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. कदाचित ताईकडे बघून. "इतकं दुखतं?"

इथे मला त्यांची दया आली असं सांगितलं तर बरं दिसेल. नाही आली. त्यांच्या घामाचा आणि सोल्युशनचा वास येत होता, माझ्या गादीवर ते बुटांसकट बसले होते, आणि मला वाटत होतं की गादीसकट यांना उचलून बाहेर टाकावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण शेजारी पोटची पोर जळत होती, तेही यांना स्वतःचं जळेपर्यंत कळलं नाही.

खारू पलंगावरून उतरली. पट्टीचा हात छातीशी धरून त्यांच्यासमोर गादीवर गुडघे टेकून बसली, दुकानात ते बसतात तशी. डाव्या हाताने तिने बापाचं एक बोट धरलं, अंगठ्याने टोक दाबून बघितलं आणि त्यावर फुंकर घातली. टोमणा नव्हता त्यात. तिला टोमणे येत नाहीत. तिला त्यांना धीर द्यायचा होता.

"पहिल्यांदा दुखतं, बाबा," ती म्हणाली. "वापरलं की सैल होतं."

भाऊजींनी हसायला म्हणून तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.